पाइनखालचा पातेरा

रविवारी सकाळी मी गाडीतून उतरले आणि जागच्या जागी थिजले. माझं जंगल कुणीतरी लख्ख झाडून ठेवलं होतं.

जंगल म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. दोहाच्या उत्तरेला, समैस्मा गावाच्या अलीकडे, वर्ल्डकपच्या प्रेक्षकांसाठी आखलेल्या पायवाटेच्या कडेला पाइनच्या रोपांचा एक लांबट पट्टा होता. दोन वर्षांची झाडं, कुठे गुडघ्याला लागणारी, कुठे कमरेला. कतारमध्ये एवढ्यालाही जंगल म्हणायची मुभा असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दापोलीला वनशास्त्र शिकून आलेली मी बाई, दोहामध्ये बारा वर्षं लोकांच्या व्हिलांसमोरच्या लॉनला पाणी पाजत बसले होते. या पट्ट्यात पहिल्यांदा झाड म्हणावं असं काहीतरी वाढवायला मिळालं होतं आणि त्या दिवशी दहा वाजता त्याचा निकाल लागायचा होता.

प्रकरण सरळ होतं. क्लायंटची कन्सल्टंट बाई येणार आणि पाइन तगतील की नाही ते सांगणार. नाही म्हणाली, की त्याच आठवड्यात सगळी रोपं उपटून तिथे कोनोकार्पसची हिरवी भिंत उभी करायची, हे आमचा प्रोजेक्ट मॅनेजर कुशल याने आधीच ठरवून ठेवलं होतं. कोनोकार्पस बघता बघता घराएवढा होतो आणि शेजारच्या पाइपांत मुळं घुसवतो, पण टीव्हीवर छान हिरवा दिसतो. कुशल पुण्याचा, माझ्याहून लहान, माणूस वाईट नाही. फक्त वाट पाहणं ही गोष्ट त्याच्या एक्सेल शीटमध्ये बसत नाही. त्यात आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या देशाने जमिनीवरची सीमा बंद केल्यापासून रस्त्याने येणारी रोपं थांबली होती. हे पाइन गेले असते तर दुसरे मिळणार नव्हते.

आता झाडून काढल्याने एवढं काय बिघडलं, ते सांगते. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडाच्या मुळांना एका बुरशीची सोबत लागते. झाड तिला साखर पुरवतं, ती त्याला लांबून लांबून पाणी आणि क्षार आणून देते. सोयरीकच म्हणा ना. ती जुळली नाही तर रोप लगेच मरत नाही, पण खुरटून, पिवळं पडून नुसतं उभं राहतं. कतारच्या वाळूत ही बुरशी आपोआप कुठून असणार?

म्हणून पट्ट्याच्या दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात मी कंपनीचा शिरस्ता चालू ठेवला. रोज थोडं थोडं पाणी, रोज झाडलोट, महिन्याला बुरशीनाशक, प्रत्येक रोप काठीला आवळून बांधलेलं. हा शिरस्ता कुणीतरी खजूर आणि लॉन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला. उत्तरेकडच्या अर्ध्यात मात्र भांडून भांडून मी हे सगळं बंद करवून घेतलं. काठ्या काढल्या, म्हणजे वाऱ्याने हलून खोड जाड होईल. पाणी क्वचित पण पोटभर दिलं, म्हणजे मुळं ओल शोधत खाली जातील. बुरशीनाशकाचा थेंबही पडू दिला नाही. अल रुवैसच्या वाटेवर एका जुन्या शेतात मोठाले पाइन आहेत. तिथून त्यांच्या बुंध्याजवळची माती आणि गळलेल्या सुया पोत्यांनी आणून रोपांखाली पसरल्या. शेताचे मालक वयस्कर कतारी. मी बुरशीबद्दल सांगायला लागले तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. वाळवंटात हिवाळ्याच्या पावसानंतर जमिनीत फगा मिळतो, कंदासारखा, चवीला अप्रतिम. तोही म्हणे एका ठरावीक झुडपाच्या आसपासच सापडतो. कुशलला जे दोन वर्षांत पटलं नव्हतं ते या गृहस्थांना चहा संपायच्या आत कळलं.

उत्तरेकडची झाडं जरा उंच होती, जरा जास्त हिरवी होती. पण पाण्याची टाकीही त्याच बाजूला. कुशलचं पालुपद ठरलेलं होतं, "मॅडम, तिकडे ड्रिपला प्रेशर जास्त आहे. बाकी काही नाही." सोयरीक जुळल्याची खूण एकच, जमिनीतून वर आलेली बुरशीची छत्री. आणि ती काही केल्या दिसत नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी ती दिसली. आठवडाभर आधी पाऊस झाला होता. उत्तरेकडच्या सुयांच्या थरातून चार-सहा ठिकाणी तपकिरी, चिकट गोळे डोकं वर काढत होते. मी तिथेच फतकल मारून बसले आणि मला चक्क रडू आलं. फोटो काढला, पण फोटोत ते मातीतल्या बटाट्यांसारखे दिसत होते. म्हटलं, शुक्रवार-शनिवारच्या इथल्या सुट्टीनंतर रविवारपर्यंत छान उघडतील, बाईंना जागेवरच दाखवू. आणि कुणालाही काही बोलले नाही. पहिले तीन महिने बातमी फोडायची नाही, दृष्ट लागते, हे आमच्या नाशिकच्या घरात बाळाबद्दल पाळतात. मी ते बुरशीबद्दल पाळलं.

आणि आता रविवारी सकाळी तिथे एक सुई शिल्लक नव्हती. वाळूवर दाताळ्याच्या सरळ रेघा उमटलेल्या होत्या.

"बगा मॅडम!" आमचे सुपरवायझर अबूबकरभाई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे होते. इस्त्रीचा शर्ट, नवी टोपी. भाई रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले, आणि दोहात बिन महमूदला आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. "काल सुट्टी असून लेबर बोलावली. सगला चकाचक."

"भाई, हे का केलंत?"

"का म्हंजे? पावणे येवचे, नि आंगणात पातेरा?"

गळून पडलेल्या पानांच्या केराला कोकणात पातेरा म्हणतात. दोन वर्षं या माणसाने माझ्या सांगण्यावरून तो पातेरा सहन केला होता. रोज सकाळी त्याच्याकडे बघून नाक मुरडायचे, पण हात लावायचे नाहीत. पाहुणे येणार म्हटल्यावर मात्र त्यांच्यातला संस्कार उफाळून आला. माझ्या आईनेही हेच केलं असतं, हे त्या क्षणी मला दिसत होतं आणि म्हणून आणखीच संताप येत होता.

"आणि त्या छत्र्या?"

"अलंबी ना?" भाईंचा चेहरा उजळला. "केवढी झाली होती! गाव सोडल्यापासून बगितली नव्हती. काल संध्याकाळी घरी नेली. फरजाना दुपारच्याला बनवल. तुमचा पन डबा हाय, सरप्राइज होतं."

खरं सांगते, मला पहिल्यांदा आठवला तो माझा पुरावा. फरजानाभाभी दुसऱ्या नंबरवर आल्या. मग माझीच मला लाज वाटली. पाइनखालच्या काही छत्र्या माणूस खातो, काही माणसाला खातात. ही त्यातली कोणती, ते मी त्या बटाट्यांच्या फोटोवरून कसं सांगणार? मी भाभींना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. भाईंनी त्यांच्या फोनवरून लावला. शेवटी मी मेसेज टाकला, "भाभी, अळंबी खाऊ नका. कुणालाही देऊ नका. टाकूही नका. लगेच फोन करा."

"मॅडम, जहरी हाय काय?" भाईंचा आवाज एकदम खाली आला.

"माहीत नाही हो. तुम्ही नाही ना खाल्लीत?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि मटकन तिथल्याच दगडावर बसले. इस्त्रीच्या पँटचंही भान राहिलं नाही.

तेवढ्यात कुशलची गाडी आली. कन्सल्टंट बाई लेबनॉनच्या, पन्नाशीच्या, पांढरे केस मागे बांधलेले, पायात धुळीने माखलेले बूट. ते बूट बघून मला थोडा धीर आला. कुशल उतरल्या उतरल्या म्हणाला, "वा, काय स्वच्छ ठेवलंय! अबूबकर, गुड जॉब." भाईंनी मान वर केली नाही.

बाई दोन्ही भागांतून सावकाश चालल्या. एका रोपाचा शेंडा बोटांनी मोजला, दुसऱ्याचं खोड हलवून पाहिलं. मी माझं सगळं म्हणणं मांडलं. कुशलने ड्रिपच्या प्रेशरचं पालुपद लावलं. बाईंनी दोघांचं ऐकलं आणि मग इंग्रजीत जे बोलल्या ते असं होतं:

"उंचीत मला फारसा रस नाही. खेळ संपले की इथलं पाणी निम्म्यावर येईल. ज्या झाडाला बुरशीची जोड मिळाली आहे तेच तेव्हा जगेल, बाकीची तुमच्या नळीवर जगताहेत. जोड मिळाली आहे, हे तुम्ही म्हणता. मला दाखवा."

मी खुरपं घेतलं आणि एका रोपाच्या कडेला हलक्या हाताने उकरलं. पण नेमका वरचा थर, जिथे बारीक मुळं आणि बुरशीचे पांढरे धागे असतात, तोच दाताळ्याने खरवडून निघाला होता. जे दोन-चार धागे मिळाले ते उन्हात वाळून गेलेले, कशाचेही असू शकतील असे. मी ते तळहातावर घेऊन बाईंसमोर धरले. त्यांनी चष्मा वर केला, पाहिलं आणि खांदे उडवले. झाडं उपटून मुळं लॅबला पाठवा म्हटलं, तर रिपोर्टला कित्येक आठवडे. कुशल म्हणाला, "मॅडम, कोनोकार्पसची ऑर्डर मी आज कन्फर्म केली नाही, तर स्लॉट जाईल." हे तो वाकड्यात शिरून म्हणत नव्हता, ते मला समजत होतं. पण त्या क्षणी त्याची टाय त्याच्याच गाडीच्या दारात अडकावी, असं मला मनापासून वाटलं.

भांडायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. समोर माझी कमरेएवढी झाडं समुद्राकडच्या वाऱ्यावर हलत होती आणि मी मनातल्या मनात त्यांचा निरोप घ्यायला लागले होते.

तेवढ्यात पायवाटेच्या टोकाला टॅक्सी थांबली आणि त्यातून फरजानाभाभी उतरल्या. डोक्यावर ओढणी, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात सुपरमार्केटची पिवळी पिशवी. त्या तरातरा चालत आल्या त्या थेट नवऱ्यासमोर.

"तुमाला काय झाला नाय ना? मेसेज बगून माजा जीवच गेला! फोन आत चार्जिंगला होता, मी सकाळपासून वॉशिंग मशीनपाशी. मग फोन करत बसली नाय, पिशवी घेतली नि टॅक्सीत बसली."

"तू खाल्लीस काय?" भाईंनी बसल्या जागेवरूनच विचारलं.

"मी? ती?" भाभींनी पिशवी वर धरली. "काल रातीच बोलली होती ना मी, ही आपली अलंबी नाय. आपल्या अलंबीला खालनं पापुद्रे असतात. ही खालनं स्पंजासारकी. वलख नसलेला जिन्नस मी चुलीवर चढवत नाय. तुमी घोरायला लागलात, मी पिशवी बांदून फ्रिजात टाकली. सकाळी टाकून देवची होती, तर तेवड्यात ताईंचा मेसेज, टाकू नका."

मी भाभींना मिठी मारली. मधे पिशवी होती, ती चेंगरली असती, म्हणून त्यांनीच मला एका हाताने जरा लांब धरलं.

कन्सल्टंट बाईंना मराठी एक अक्षर कळलं नव्हतं, पण त्यांचं लक्ष पिशवीकडे होतं. त्यांनी हात पुढे केला. पिशवीतून एक छत्री काढली, उलटी केली, खालचा स्पंज अंगठ्याने दाबला, नाकाशी नेली. आणि हसल्या. इतका वेळ कागदासारखा कोरा असलेला त्यांचा चेहरा एकदम कुणाच्या तरी आजीचा झाला.

"आमच्या डोंगरात पहिल्या पावसानंतर पाइनखाली हीच येते," त्या म्हणाल्या. "आणि पाइन नसेल तिथे कधीच येत नाही." मग लगेच पुन्हा कन्सल्टंट झाल्या. "पण ही इथलीच आहे कशावरून?"

कुशलने संधी सोडली नाही. "हो, पिशवी तर सुपरमार्केटची दिसतेय."

मी भाईंना बाईंचा प्रश्न मराठीत सांगितला. भाई उठले. टोपी काढून खिशात कोंबली, पिशवीतली एक छत्री घेतली आणि उत्तरेकडच्या भागात शिरले. एका रोपापाशी गुडघ्यांवर बसून त्यांनी बोटांनी वाळू बाजूला केली. खाली देठाचा तुटका बुंधा तसाच होता, कोरडा पडलेला पण जमिनीत घट्ट. भाईंनी हातातल्या छत्रीचा देठ त्यावर टेकवला, जरा फिरवला. बसेना. दुसरी छत्री घेतली. ती बसली, तुटलेल्या कपाचा तुकडा बसावा तशी.

"मूळ नाय उपटत आमी," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "पिलगटून काडायची, बुडखा तितेच ठेवायचा. मग पुडल्या वरसाला परत येते."

मी बाईंना त्याचं भाषांतर करून सांगितलं, देठ पिळून वरून तोडायचा, बुंधा जमिनीतच राहू द्यायचा. बाई वाळूत गुडघे टेकून भाईंच्या शेजारी बसल्या. "यल्ला, चला, पुढची," असं म्हणाल्या. भाई एकेका झाडापाशी जात होते, बुडखा शोधत होते, छत्री बसवत होते. आदल्या दिवशी कुठून कुठून काढली, ते त्यांना नेमकं आठवत होतं. सगळ्या जागा उत्तरेकडच्या अर्ध्यातल्याच. मग बाईंनी स्वतः दक्षिणेकडे जाऊन बराच वेळ उकरलं. तिथे ना बुडखा, ना धागा, नुसती वाळू आणि उघडी मुळं. ड्रिपचं प्रेशर कितीही असलं तरी छत्री काही नळीतून येत नाही, हे कुशललाही दिसलं. त्याने फोन खिशात घातला.

"झाडं राहतील," बाई उठून गुडघे झटकत म्हणाल्या. "दक्षिणेकडच्या काठ्या सोडा, बुरशीनाशक बंद करा आणि तिकडेही हीच माती घाला. एक वर्षाने येते मी." मग स्वच्छ रेघा ओढलेल्या वाळूकडे बघून त्यांनी विचारलं, "पण इथल्या सुया गेल्या कुठे?"

भाषांतराची गरज पडली नाही. भाई कचऱ्याच्या कंटेनरकडे धावतच निघाले.

मी भाईंच्या त्याच दगडावर बसले आणि वेड्यासारखी हसत सुटले. भाभी शेजारी उभ्या राहून माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. कुशल पाण्याची बाटली घेऊन आला आणि ओशाळून म्हणाला, "मॅडम, मला आधी सांगायचंत ना, छत्र्या आल्यात म्हणून." मी म्हटलं, "तुझीच दृष्ट लागली असती मेल्या." प्रोजेक्ट मॅनेजरला मेल्या म्हणायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ. तोही हसला.

त्या दुपारी आम्ही सगळ्यांनी कंटेनरमधल्या सुया उपसल्या. त्यात सिमेंटच्या पिशव्या होत्या, चहाचे कप होते, कुणाचा तरी एक बूट होता. भाई एकेक मूठ निवडून, झटकून, झाडाखाली पसरत होते. भाभीही ओढणी कमरेला खोचून कामाला लागल्या आणि नवऱ्याला मधूनमधून ऐकवत राहिल्या, "घरात कदी झाडू हातात घेतलात काय? हितं बरा आला हुरूप." भाई पुढची मूठ उचलत होते. संध्याकाळी सगळा पातेरा पुन्हा जागेवर पसरला, तेव्हा ते दोन पावलं मागे सरकून बघत राहिले आणि म्हणाले, "खलास मॅडम. आता मी मेलो तरी याला हात लावत नाय."

शब्दाचे पक्के निघाले. जवळजवळ पाच वर्षांनी, नोव्हेंबर दोन हजार बावीसमध्ये, वर्ल्डकपची पहिली मॅच चार दिवसांवर आली होती, तेव्हा मी सहज म्हणून तिथे चक्कर मारली. आता दोन्ही भागांतली झाडं माणसाच्या डोक्यावरून वर गेली होती. दक्षिणेकडची अजून थोडी मागे होती, पण हिरवीगार. गाडी लावत होते तोच घरघर ऐकू आली. सफाईच्या नव्या कंपनीचा एक माणूस पाठीवर पानं उडवायचं यंत्र बांधून पाइनखाली शिरत होता, आणि अबूबकरभाई हात पसरून त्याच्या समोर धावत होते.

"ए भाई, इधर नहीं! मेहमान आनेवाले हैं!"

त्या माणसाने यंत्र बंद केलं. घामाने निथळत होता बिचारा. म्हणाला, "मेहमान आनेवाले हैं, इसीलिए तो साफ कर रहा हूँ."

भाईंनी माझ्या गाडीकडे पाहिलं, मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. मग भाई इस्त्रीच्या पँटसकट खाली सुयांवर बसले आणि शेजारची जागा हाताने थोपटली. तो माणूस जरा घुटमळला. पाठीवरचं यंत्र उतरवून बसला. टोपी काढली, सुयांवर तळहात टेकवला आणि वर फांद्यांकडे बघत राहिला.

"इधर तो ठंडा है," तो म्हणाला.

"हां, तो बैठो ना," भाई म्हणाले आणि आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली, घरी आलेल्या माणसापुढे धरतात तशी.